पंचफुला सिनेमा काढायला शिकते

अमरावतीच्या ग्रामसेविका प्रशिक्षण केंद्रात नोटीस वाचून दाखवली, त्या वेळी पंचफुलाचं अर्धं लक्ष खिडकीबाहेरच्या बोरीच्या झाडावर होतं. कानावर पडलं ते इतकंच, की अकोल्याला चित्रीकरणाचा वर्ग निघतो आहे, राहायची सोय आहे, कुणाला जायचं असेल त्यानं नाव द्यावं. चित्रीकरण! पंचफुलाचा हात आपोआप वर गेला. केंद्रातले सगळे तक्ते तिनंच तर रंगवले होते. विहिरीत औषध टाकणारी बाई, दूध पिणारं गुटगुटीत बाळ, उकिरड्यावरची माशी. ती माशी तर इतकी हुबेहूब होती की एका पाहुण्या साहेबांनी हातानं हाकलली होती. चित्रं काढायला कुणी शिकवणार असेल तर ती अकोल्याला काय, पायी मुंबईलासुद्धा गेली असती. वर्गात हात तिचा एकटीचाच वर होता.

आपल्या गावी, वलगावला, ती बापाला विचारायला गेली. बाप म्हणजे देवमन, कवेलू फेरणारा, म्हणजे छपराची कौलं काढून पुन्हा बसवणारा. पावसाळ्याआधी गावातल्या निम्म्या घरांच्या छपरांवर तोच चढलेला दिसायचा. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि तेव्हापासून पोरीच्या शिक्षणाचं काही निघालं की त्याच्या तोंडून 'नाही' असा शब्द निघत नसे.

"चित्र काढाले सरकार अकोल्याले पाठवते?" त्यानं विचारलं.

"हाव बावा."

"मंग जा. पन आपल्या भिंतीवरचा हत्ती अर्धाच राह्यला, तो आल्यावर पुरा करजो."

एकसष्ट सालची दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. पंचफुला बडनेऱ्याहून गाडीत बसली. पिशवीत दोन लुगडी, आत्यानं बांधून दिलेली भाकर-ठेचा, गेरू, नीळ, हिरव्या रंगाची डबी आणि जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेले चार ब्रश.

अकोल्यात ताजनापेठेच्या अलीकडे कापसाचं एक जुनं गोदाम होतं, तिथं वर्ग भरायचा. पोचली तर आत सहा तरुण बसलेले आणि टेबलावर काळं, चपटं, तीन डोळ्यांचं एक यंत्र. टेबलामागे उभे होते मुनव्वर मास्तर. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, कोटाच्या खिशातून पिवळं फडकं बाहेर लोंबतंय. तरुणपणी मुंबईच्या स्टुडिओत कॅमेऱ्यामागे राबलेले, आईच्या आजारपणात अकोल्याला परतले ते इथलेच झाले. आता फोटोचं दुकान चालवत आणि विकास खात्यासाठी हा वर्ग घेत.

"कोणी काय काय आणलं?" मास्तरांनी विचारलं. कुणी वही काढली, कुणी पेन. पंचफुलानं मोठ्या दिमाखात चिंधी सोडली आणि गेरू, नीळ, ब्रश टेबलावर मांडले.

गोदाम हसण्यानं दणाणलं. श्रावण नावाचा मूर्तिजापूरचा पोरगा तर बाकावरून खालीच घसरला. मास्तरही हसले, अगदी डोळे पुसेपर्यंत. पंचफुलाला काय चुकलं ते कळेना. मग मास्तरांनी यंत्राकडे बोट दाखवलं.

"बेटी, हा सिनेमाचा कॅमेरा हाय. चित्रीकरण म्हंजे फिलम काढनं."

तिचे कान तापले. परत जावं असं क्षणभर मनात आलं. तेवढ्यात मास्तरांनी तिचा सगळ्यात मऊ ब्रश उचलला, गालावर फिरवून पाहिला आणि कॅमेऱ्याचं झाकण उघडून आतली धूळ त्यानं अलगद झाडली.

"माशाल्ला! असा ब्रश मी कवाचा शोधून राहिलो. हा मले देशील का? बाकीचे ठेव. आनि हे पाह्य, अथी चावी हाय. भर."

पंचफुलानं चावी भरली. बटण दाबलं तसा कॅमेरा हातात गुरगुरला, मांडीवर बसलेल्या मांजरासारखा. परत जायचा विचार तिथंच संपला.

पहिली अडचण आली ती डोळ्याची. कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहायचं तर एक डोळा मिटावा लागतो, आणि पंचफुलाला एकच डोळा मिटता येईना. डावा मिटायला जावं तर दोन्ही मिटायचे. मास्तर म्हणाले, जाता-येता सराव कर. म्हणून ती रस्त्यानं सराव करत चालली. तर एका टांगेवाल्यानं टांगा थांबवून तिच्याकडे पाहिलं आणि केविलवाण्या आवाजात म्हणाला, "बाई, मले दोन लेकरं हायेत." पंचफुला तिथून जी पळाली ती थेट मास्तरांच्या घरी. मास्तरांची बायको शकीला हे ऐकून हसता हसता पोट धरून खाली बसली. मग तिनं जुन्या ओढणीची पट्टी शिवून पंचफुलाच्या डाव्या डोळ्यावर बांधली. "अब मीच मीच नको करू. खुल्ला रख एकच." पुढचे कित्येक महिने पंचफुला काम करताना ती पट्टी बांधायची. पोरं तिला 'दरोडेखोर' म्हणत. तीही पट्टीवर बोट ठेवून "मुकाट्यानं कॅमेऱ्याची तिपाई उचला" असं दरडावायची.

पहिली रीळ काढायला सगळे कापूस बाजारात गेले. गाड्यांची रांग लागलेली, पांढरे ढीग, तोलारे, दलाल, बैलांच्या घंटा. पंचफुलाच्या मनात आलं, काहीच सुटता कामा नये. म्हणून तिनं कॅमेरा इकडून तिकडे, तिकडून इकडे, वर, खाली असा फिरवला. फिल्म धुवायला मुंबईला जायची. ती परत आली तेव्हा गोदामाची दारं लावून सगळे पाहायला बसले. पडद्यावर बैल, आकाश, पागोटं, चाक, आकाश, कापूस, पुन्हा बैल असं सगळं गरगरलं. श्रावण म्हणाला, "मास्तर, मले मयमय होते, बाहेर जाऊ का?"

मास्तरांनी दिवा लावला. "बेटी, हा बाजार हाय का पाळना? तू कॅमेऱ्यानं झाडलोट केली. सगळं पाह्यलं आनि कायबी पाह्यलं नाई. आता ऐक. मानूस कोनतं बी काम हाती घेते, तर त्याले सुरुवात असते, शेवट असतो. पानी वतून राहिला, तर भांडं भरेपर्यंत थांब. आधी पाह्य, मंग चावी सोड."

दुसऱ्या दिवसापासून तिनं कॅमेरा हातात न घेता नुसतं पाहायला सुरुवात केली. चहावाला वरून कपात धार सोडतो आणि शेवटच्या थेंबाला मनगटाला एक झटका देतो. पिंजारी धनुकलीची ताणलेली तात सोडायच्या आधी ओठ आवळतो. मोर्णा नदीवर धुणं धुणारी बाई कपडा आपटायच्या आधी तो एकदा डोक्यावरून फिरवते. एका सकाळी बाजारात बसलेला बैल उठला, आणि पंचफुला जागच्या जागी खिळली. बैलानं आधी मागचे पाय उचलले होते. वलगावच्या भिंतींवर तिनं आजवर कितीतरी बैल काढले, रोज दारातून बैल जाताना पाहिले, पण बैल मागून उठतो हे तिला ठाऊक नव्हतं! एवढी वर्षं डोळे उघडे ठेवून आपण काय करत होतो, असं तिला वाटलं. त्या संध्याकाळी ती वसतिगृहाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालीच पाहत राहिली, आणि कुणी फुकटात जत्रेला आणून बसवावं तसं तिला झालं.

महिने सरले. शेवटी प्रत्येकानं आपली एक छोटी फिल्म करायची होती. पंचफुलाच्या वाट्याला आली निर्धूर चूल. तशी चूल मातीनं घालायला ती केंद्रातच शिकली होती. धूर नळीवाटे छपराबाहेर जातो, बाई डोळे न चोळता सैपाक करते, एवढं दाखवायचं. गाव वलगावच ठरलं. खात्याच्या कचेरीनं घरही ठरवून दिलं, किसनरावांचं. मोठं घर, मोठं सैपाकघर.

मास्तर, पंचफुला आणि तिपाई खांद्यावर घेतलेला श्रावण असे तिघं माघातल्या एका सकाळी किसनरावांच्या ओसरीत पोचले. पाणी आलं, सुपारी आली. किसनराव खुशीत होते. मग त्यांनी विचारलं, "सैपाकघरात कोन जाईन?"

"मी वसरीतच बसतो," मास्तर म्हणाले. "आत आमची ही पोरगी जाईन."

किसनरावांनी पंचफुलाकडे नीट पाहिलं. "तू देवमनची नं वं?"

"हाव."

त्यांनी सुपारीचं तबक आपल्याकडे ओढलं. मग म्हणाले, "असं करा, आमच्या घरी सध्या पाव्हने हायेत. पुढच्या साली पाहू."

घरात पाहुणे नव्हते. दाराआड उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, भागीरथाबाईनं, मान खाली घातली. मास्तरांच्या कपाळाची शीर उडायला लागलेली पंचफुलानं पाहिली. ते काही बोलण्याआधीच ती उठली.

"चाला मास्तर. माह्या आत्याच्या घरी चूल हाय, पाव्हने बी नाईत."

वाटेत तिच्या छातीत काहीतरी जळत होतं. पण वस्तीच्या तोंडाशी आत्या केशरबाई डोक्यावर घागर घेऊन उभी दिसली आणि ओरडली, "आली वं माही सिनेमावाली!" तसं जळणं बाजूला पडलं. कामाला सुरुवात झाली.

पंचफुलानं आणि आत्यानं मिळून चूल घातली, वाळवली. आता चित्रीकरण. आत्याच्या सैपाकघराला एक दार आणि हातभर झरोका. मास्तरांनी उजेड मोजायचं मीटर चुलीपाशी धरलं. काटा हललाच नाही. दिवा लावायला वस्तीत वीज नव्हती.

"चूल आंगनात मांडू," श्रावण म्हणाला.

"आंगनात धूर कोनाले लागते?" पंचफुला म्हणाली. ती चुलीपाशी बसून वर पाहत राहिली. लहानपणी बाप घराचे कवेलू फेरायचा, तेव्हा ती अशीच खाली बसायची. एकेक कवेलू निघालं की एकेक उन्हाचा खांब घरात उतरायचा आणि रोजचं घर ओळखू येईनासं व्हायचं. ती ताडकन उठून बाहेर धावली.

"बावा! आत्याच्या सैपाकघरावरचे कवेलू काढा!"

देवमननं आकाशाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि शिडी आणायला गेला. केशरबाईनं मात्र कंबर कसली. "सिनेमा काढून राहिली का माह्यं घर काढून राहिली वं? कोनाच्या घरात दिवसाढवळ्या आभाय दिसते?"

"दोन दिवस आत्या. बावा परत लावून देतीन."

"आनि पानी आलं तर?"

"माघात?"

"माह्या नशिबात माघात बी येते!"

कवेलू निघाले. चुलीवर ऊन उतरलं. श्रावणनं कोपऱ्यात पांढरं धोतर ताणून धरलं, त्यावरचं ऊन आत्याच्या चेहऱ्यावर पडलं आणि मीटरचा काटा मुंगी चावल्यासारखा उडाला. आत्या आत गेली ती लग्नातलं जरीकाठी लुगडं नेसून, नाकात नथ घालूनच आली. मास्तर दारातून म्हणाले, "केशरबाई, रोज असंच नेसून भाकरी थापता का?"

"रोज सिनेमा निंगते का?" आत्यानं उत्तर दिलं, आणि विषय संपला.

पंचफुलानं पट्टी बांधली, चावी भरली. आत्या भाकरी थापायला लागली आणि बोलायलाही. फिल्म मुकी आहे, आवाज येणार नाही, असं किती वेळा सांगून झालं, पण आत्याचं तोंड बंद होईना. चुलीबद्दल, शेजारणीबद्दल, मेलेल्या नवऱ्याच्या चहाच्या सवयीबद्दल. मध्येच तिला स्वतःच्याच बोलण्याचं हसू फुटलं आणि पदरानं डोळे पुसू लागली. तेवढ्यात छपराच्या भगदाडातून एक कावळा आत उतरला, टोपल्यातल्या भाकरीचा तुकडा चोचीत धरला, सगळ्यांकडे एकदा मान वाकडी करून पाहिलं आणि उडून गेला. आत्या उलथणं घेऊन धावली. श्रावणच्या हातातलं धोतर गळालं. पंचफुलानं बटणावरचं बोट मात्र उचललं नाही. काम संपेपर्यंत थांबायचं. कावळ्याचं काम संपलं, मग तिनं बोट काढलं.

फिल्म मुंबईहून धुऊन आली. मग गोदामात जोडणीला सुरुवात झाली. दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी फिल्मचे तुकडे टांगलेले. तुकड्याचं टोक ब्लेडनं खरवडायचं, फिल्म सांधायचं, पिकल्या केळासारख्या वासाचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. पंचफुलाला या कामानं वेड लावलं. भिंतीवर काढलेलं चित्र एकदा काढलं की काढलं. इथं मात्र तेच तुकडे मागेपुढे केले की गोष्टच बदलायची.

फिल्मच्या सुरुवातीसाठी आत्याला जुन्या चुलीपुढेही बसवलं होतं, पण खोकणं काही तिला साधलं नव्हतं. ती खोकायची आणि लगेच कॅमेऱ्याकडे पाहून 'बरोबर का?' असं विचारायची. म्हणून पंचफुलानं जुन्या चुलीच्या धुराचा तुकडा घेतला आणि त्याला जोडून लावला आत्या पदरानं डोळे पुसते तो तुकडा. हसून हसून पाणी आलं होतं, तो. छोट्या यंत्रात घालून फिरवून पाहिलं. धूर, मग रडणारी आत्या. पंचफुलानं यंत्र थांबवलं.

"मास्तर, हे तं खोटं झालं. आत्या हासून राहिली होती."

मास्तरांनी वाकून पाहिलं. पुन्हा फिरवायला लावलं. "केशरबाई आजवर धुरात रडली का नाई?"

"रडली. लय रडली."

"मंग खोटं कसं? पन हा सवाल तुह्या डोक्यात आला, हे चांगलं झालं. हरेक जोडाले हाच सवाल विचारजो. ज्या दिवशी विचारनं सोडशील त्या दिवशी कैची खाली ठेवजो."

कावळ्याचा तुकडा त्यांनी हातात घेऊन विचारलं, "याचा नि चुलीचा काय संबंध?"

"काईच नाई," पंचफुला म्हणाली. "पन तो आला होता."

मास्तरांनी दाढी खाजवली आणि तुकडा परत तिच्या हातात दिला.

वलगावच्या शाळेच्या मैदानात खात्याची गाडी आली. गाडीमागे जनरेटर धडधडू लागला, दोन बांबूंवर पडदा ताणला गेला. सारं गाव लोटलं होतं. किसनराव खुर्चीवर, भागीरथाबाई बायकांत. वस्तीतली माणसं पुढे येऊन बसली. त्यांची आज हक्काची जागा होती, त्यांचं घर पडद्यावर येणार होतं. देवमन एकदम मागे, झाडाला टेकून उभा.

आवाज नसल्यानं माहिती माईकवरून वाचायची होती. कचेरीनं लिहून पाठवलेला कागद श्रावणच्या हातात होता. फिल्म सुरू झाली, त्यानं घसा साफ केला. "प्रिय ग्रामस्थ बंधुभगिनींनो, धूम्रविरहित चुलीमुळे गृहिणींच्या नेत्रस्वास्थ्यास..."

कुणाचं लक्ष नव्हतं. पडद्यावर केशरबाई आली होती! घराएवढी, नथीसकट. मैदानावर जो गलका उठला त्यात नेत्रस्वास्थ्य वाहून गेलं. मग गलका ओसरला आणि लोकांच्या ध्यानात आलं की पडद्यावरची केशर अखंड बोलते आहे आणि ऐकू काहीच येत नाही.

"काय बोलून राहिली वं केशर तू?" बायकांतून कुणीतरी ओरडलं.

केशरबाई तिथंच, पुढच्या रांगेत बसली होती. ती उठून उभी राहिली. "आवं, मी सांगून राहिली का ह्या चुलीले फुकनी लागत नाई!"

"आता काय म्हनली?"

"आता म्हनली का आमच्या मालकाले चहा पाह्यजे कवा, तं भाकर तव्यावर असली का तवाच!"

मैदान हसलं. पंचफुलानं श्रावणच्या हातातून माईक घेतला, तार ओढत पुढे धावली आणि आत्याच्या तोंडाशी धरला. आत्या आधी स्वतःच्याच मोठ्या आवाजाला दचकली. मग तिला गोडी लागली. चूल कशी घालायची, माती कोणती, नळी कुठं ठेवायची, सगळं पडद्याकडे हात करकरून तिनं सांगितलं. बायका प्रश्न विचारत, ती उत्तरं देत होती. मध्येच "थांब वं बाई, आता माह्याकडं पाहू नको, भाकरीकडं पाह्य" असं स्वतःच्याच चित्राला दटावत होती. कावळा आला तेव्हा पोट्टी उड्या मारायला लागली. फिल्म संपल्यावर लोक उठेनात. पुन्हा लावा म्हणून ओरडा झाला. पुन्हा लावली. आत्यानं पुन्हा सगळं सांगितलं, आणि या खेपेला थोडं वाढवूनही.

पंचफुला माईक धरून आत्याच्या पायाशी बसली होती. पडद्याकडे तिची पाठ होती. ती समोर वर केलेले चेहरे पाहत होती. हसायच्या आधी माणसांचे डोळे कसे मोठे होतात, हसू ओठांवर यायच्या आधी गालात कसं जमा होतं. अकोल्याच्या बाजारात पाहायला शिकले ते यासाठीच असेल का, असं तिच्या मनात आलं. झाडाला टेकलेला देवमन शेजाऱ्याला म्हणत होता, "तो उजेड दिसते नं वरून पडलेला, ते कवेलू म्या काढले."

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथाबाई वस्तीत आली. केशरबाईच्या अंगणात उभी राहून पदर सारखा करत म्हणाली, "चूल पाहाची होती."

"मंग आत ये," केशरबाई म्हणाली. "आंगनातून चूल कशी दिसन?"

भागीरथाबाई क्षणभर थांबली, मग चपला काढून आत गेली. चुलीपुढे बसून तिनं नळीत हात घालून पाहिला, माती चाचपली. केशरबाईनं चहा ठेवला. ती गेली तेव्हा कप रिकामा होता. आठवडाभरात गावातल्या बायका रांगेनं चूल पाहायला येऊ लागल्या आणि केशरबाईला सांगून सांगून घसा बसला.

वर्ग संपताना मास्तरांनी पंचफुलाचं नाव खात्याकडे पाठवलं. एवढ्या गावांतून फिरायला बाई कशी चालेल, यावर कचेरीत बरीच चर्चा झाली म्हणे. पण चुलीची फिल्म अमरावती आणि अकोल्याच्या गावागावांतून मागितली जात होती, आणि जिथं जाई तिथं सोबत केशरबाईलाही बोलावणं येई. नंतरची पाच-सहा वर्षं पंचफुलानं विहिरींच्या, बाळंतपणाच्या, कापसावरच्या किडीच्या फिल्मा काढल्या. डोळ्यावरची पट्टी कधीच सुटली होती. पुढे मास्तरांची नजर अधू झाली तेव्हा अकोल्याचा वर्गही तीच घेऊ लागली. नव्या पोरांना ती आधी आठवडाभर कॅमेऱ्याला हात लावू देत नसे.

अडुसष्ट साली ती दर्यापूरकडे निघाली होती. एसटीच्या टपावर तिपाई चढवताना कंडक्टरनं विचारलं, "हे काय हाय बाई? जमीन मोजाचं हाय का? आमच्या वावराचा धुरा आधीच सरकला हाय, तुमी आनखी सरकवसान."

"नाई भाऊ. मी सिनेमा काढतो."

कंडक्टर शिडीवरच थांबला. तिला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "तुमी?"

"हाव. मीच."

त्यानं तिपाई टपावर ठेवली, दोरीनं बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. खाली उतरून टोपी सरळ केली, तिकिटांची पेटी छातीवर नीट घेतली आणि म्हणाला, "मंग गाडी सुटाच्या आधी माहा एक काढून टाका."

आतले लोक खिडक्यांतून डोकी काढून पाहू लागले. पंचफुलानं पिशवीतून कॅमेरा काढला आणि चावी भरू लागली.

"हालू नको?" कंडक्टरनं विचारलं.

"हाला नं," ती म्हणाली. "तिकीट फाडा. फाडून होईपर्यंत थांबतो मी."